पहिल्या प्रयोगांचा पाढा

आमच्या घरात दिवेलागणीला पाढा म्हणायची पद्धत होती. दोनाचा, तिनाचा नव्हे, नाटकांचा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जी जी संगीत नाटकं आली, त्यांचा पहिला प्रयोग कुठल्या साली, कुठल्या गावात, कुठल्या कंपनीनं केला, ते सगळं ओळीनं. आधी साल, गाव, कंपनी आणि नाटकाचं नाव बोलायचं, मग त्या नाटकाच्या नांदीचं पहिलं कडवं पेटीवर गायचं, की पुढचं साल. असं करत करत तीसेक वर्षं सरली की शेवटचं वाक्य यायचं, "मग बोलपट आले आणि कंपन्या बसल्या." एवढं म्हणून आमचे हे पेटीचा भाता मिटायचे आणि त्याच दमात स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडायचे, "अगं, च्या टाक की!"

लग्न होऊन मंगळवार पेठेतल्या ह्या दोन खोल्यांत आले तेव्हापासून मी हे ऐकत आले. माझं माहेर मुरगूडकडचं, घरात म्हशी. कुठल्या म्हशीचं कितवं वेत ते आमचे वडील झोपेतून उठवलं तरी सांगायचे. सासरी येऊन बघते तर इथं नाटकांची वेतं. पहिल्याच माहेरपणाला मी आईला म्हटलं, "आई, त्या घरात रोज मेलेल्या नाटकांचं तेरावं घालत बसत्यात गं." आई म्हणाली, "दारू पीत न्हाईत न्हवं? मग घालू देत."

पाढा मूळचा माझ्या सासऱ्यांचा. शेवटच्या शेवटच्या नाटक कंपन्यांत ते पायपेटी वाजवायचे. कंपनी गावोगाव फिरायची, आणि ऐनवेळी गावातलं कुणी बडं माणूस दुसऱ्याच नाटकाचा हट्ट धरून बसलं तर पेटीवाल्यानं अडून चालायचं नाही. म्हणून त्यांच्या उस्तादानं त्यांना सगळ्या नांद्या पाठ करायला लावल्या, आणि त्या ज्या क्रमानं रंगभूमीवर आल्या त्याच क्रमानं. क्रम मोडला की नांदी हरवते, असं उस्ताद म्हणायचे म्हणे. सासऱ्यांनी तो पाढा ह्यांच्या गळ्यात उतरवला. कागदावर एक अक्षर नाही. पुढं नाट्यवेडी मंडळी दोन-तीनदा घरी आली, लिहून द्या म्हणून पाया पडायची बाकी ठेवली. हे पाटबंधारे खात्यात कारकून, जन्मभर दुसऱ्याच्या फायली लिहिलेल्या, पण ह्या बाबतीत हटून बसले. "लिवलं की माणूस म्हणायचं सोडतंय," एवढंच उत्तर.

पाढ्याचा एक कडक नियम होता. नांदी अर्धी टाकायची नाही. नांदी म्हणताना कुणाला ठसका लागला, आवाज बसला, तर रंगमंचावर जो कोण उभा असेल त्यानं ती उचलायची आणि कडवं पुरं करायचं, मग तो पडदा ओढणारा का असेना. अर्धी नांदी टाकली की पडदा अडकतो, अशी कंपनीतली समजूत. सासरे म्हातारपणी खोकायला लागले तेव्हा मी हे डोळ्यांनी बघितलंय. खोकल्यानं म्हातारा वाकलेला, आणि हे जेवता जेवता, तोंडातला घास कसाबसा गिळून, उरलेली ओळ पुरी करतायत. मला हसू आवरायचं नाही.

नाटकांची नावं मला कधी पाठ झाली नाहीत. कोण पाठ करणार! मी शिलाई मशीनवर बसलेली, पायाखाली गिऱ्हाइकांचे ब्लाऊज पडलेले, आणि कानावर हे रडगाणं. मी माझी आपली नावं ठेवली होती. एक होतं कोंबडं: त्याच्या पहिल्या प्रयोगाला लोकांनी इतके वन्समोअर मागितले की शेवटचं पद संपेपर्यंत कोंबडा आरवला. एक मुकं: पहिल्याच प्रयोगाला मुख्य नटाचा आवाज गेला, तो नुसते ओठ हलवत राहिला आणि विंगेतून दुसरा गायला. आणि एक एकुलतं. ते इथलंच, कोल्हापुरातलं. त्याचा पहिला प्रयोग झाला तो झालाच, दुसरा कधी कुठं झाला नाही. कंपनीच मोडली. त्याची नांदी ना कुठं छापली, ना तबकडीवर आली. उस्तादाच्या गळ्यातून सासऱ्यांच्या, सासऱ्यांच्या गळ्यातून ह्यांच्या. हे त्या नांदीला आले की डोळे मिटून घ्यायचे. मी म्हणायचे, "एवढं काय त्यात? एकदाच झालं म्हणजे पडलंच की वो ते." हे म्हणायचे, "एकदा तरी झालं न्हवं?"

पाढा संपला की "अगं, च्या टाक की." मला त्या हुकमाचा राग यायचा. दिवसभर मशीन हाणून माझी कंबर धरलेली असायची, आणि हे गादीवर बसून नाटकं मोजणार, वर चहा. मी कधी तोंडानं उत्तर दिलं नाही. चहाचं भांडं ओट्यावर आपटायचे, तेच उत्तर. त्या आवाजावरून चहा कडू होणार का गोड हे ह्यांना कळायचं, असं हे पोरीला सांगायचे आणि दोघं बापलेक फिदीफिदी हसायचे.

गेल्या श्रावणात हे बाथरूमच्या उंबऱ्यात पडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ह्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, "व्हय." दुखतंय का? व्हय. भूक लागली? व्हय. पंखा बंद करू? व्हय. केला की हात हलवायचे, लावा म्हणून. मी एकदा वैतागून विचारलं, "मी कोण हाय, सांगा बघू?" माझ्याकडं नीट बघत म्हणाले, "व्हय." मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

पोरगी पुण्याहून येऊन महिनाभर राहिली. वाचा परत यावी म्हणून उपचार करणाऱ्या एक बाई यायला लागल्या. चांगल्या होत्या, सोशिक. चित्रांचे पत्ते समोर धरायच्या. कुत्रं, घर, छत्री, कप. "काका, हे काय आहे? क... क..." हे त्या कपाकडं बघत बसायचे, तोंडाची डावी बाजू हलायची, कपाळावर घाम यायचा. ज्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कुठल्या गावात कुठला पडदा वर गेला ते पाठ, त्याला कप म्हणता येईना. एक दिवस ह्यांनी डाव्या हातानं ते पत्ते उधळून दिले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. बाईंना मी चहा दिला आणि उद्या येऊ नका म्हटलं.

मला पाढ्याचं काही पडलं नव्हतं. नाटकं गेली उडत. मला एक "अगं" पाहिजे होतं. आमच्या ह्यांनी जन्मात कधी मला नावानं हाक मारली नाही, आमच्यात तशी रीतच नाही. अगं हेच माझं नाव. तो शब्द गेला आणि घरात मला कुणी हाकच मारेना. पोरगी फोनवर आई म्हणायची, गिऱ्हाइकं काकू म्हणायची, पण मी ज्या नावाची होते ते नाव घेणारं माणूस समोर बसून व्हय व्हय करत होतं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ह्यांचे जुने मित्र आले, ह्यांच्या पेटीला तबल्याची साथ करणारे. मी त्यांना भावजी म्हणते. आधी तास-दीड तास नुसते ह्यांचा हात धरून बसले. मग म्हणाले, "वहिनी, पेटी काढा बघू."

"पेटी घिऊन काय करताय आता? बोलायचे वांदे हायत, आणि गाणं कुठलं!"

"काढा की वो. मी वाजवतो. कान तर हायत न्हवं त्याचे?"

मी माळ्यावरून पेटी काढली, फडक्यानं पुसली आणि आपटूनच खाली ठेवली. भावजी पेटीवाले नव्हेत, पण मोडकंतोडकं वाजवतात. त्यांनी पाढ्यातली पहिली नांदी धरली. आणि आमचे हे गायला लागले.

नुसते सूर नव्हेत, शब्द. गणपतीचं, सरस्वतीचं, सगळं शुद्ध, खणखणीत. तोंड वाकडं, पण शब्द सरळ. कडवं संपलं तसं ह्यांनी दम घेतला आणि पुढचं साल बोलले. गाव बोलले. कंपनी बोलले. माझ्या हातात कात्री होती, ती तशीच उघडी राहिली. भावजींचे डोळे वाहायला लागले, पण गडी वाजवायचा थांबला नाही. मुकं आलं, कोंबडं आलं, एकुलतं आलं. त्याला ह्यांनी डोळे मिटले, तसेच. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. माझ्या लक्षात आलं की ह्या पाढ्याच्या शेवटाला काय आहे. बाकीची वर्षं मी कशी काढली माझं मला ठाऊक. "मग बोलपट आले आणि कंपन्या बसल्या," हे म्हणाले, आणि मान वळवून, "अगं, च्या टाक की!"

मी भांड्यात दूध ओतलं आणि गॅस पेटवायचा विसरून तशीच उभी राहिले. मग पळत बाहेर आले, ह्यांच्यासमोर बसले. "अहो, बोला की. आणखी बोला. काय पायजे? बोला की काय तर!"

हे माझ्याकडं बघून हसले. "व्हय," म्हणाले.

त्या दिवसापासून भावजी रोज यायला लागले आणि मी, जी जन्मभर पाढ्याच्या नावानं बोटं मोडत आले, दुपारपासून घड्याळाकडं बघायला लागले. एकदा मला वाटलं, एवढं सगळं कशाला म्हणायचं, दमतात ते. सरळ शेवटचं साल धरावं, की लगेच बोलपट आणि लगेच माझं अगं. भावजींनी शेवटची नांदी वाजवली. हे गप्प. दुसऱ्यांदा वाजवली. हे पेटीकडं अनोळखी पाहुण्याकडं बघावं तसं बघत राहिले. क्रम मोडला की नांदी हरवते, ते हे असं. पहिल्यापासून सुरुवात केली तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. माझ्या अगंपर्यंत जायला सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या गावांतून जावं लागत होतं, आडवाट नव्हती.

मी त्या उपचारवाल्या बाईंना फोन करून हे सगळं सांगितलं. पत्त्यांचा राग त्यांनी मनात ठेवला नव्हता. म्हणाल्या, "काकू, असं होतं. गाणं आणि पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतं. ते एकामागं एक आपोआप येतं."

"आणि शेवटचं? मला चहा टाक म्हणत्यात ते?"

त्या म्हणाल्या, "तेही त्यातलंच, काकू. पाठ झालेलं. तुम्हाला उद्देशून असेलच असं नाही."

मी फोन ठेवला. असा संताप आला म्हणून सांगू! बाईंचा नव्हे, त्या बिचाऱ्या खरं तेच बोलल्या. मला वाटलं, मग आधी तरी ते मला उद्देशून होतं का? का तेव्हाही ते नुसतं पाढ्याचं शेपूट होतं, आणि मी येडी त्याला भांडी आपटून उत्तरं देत बसले? त्या दिवशी मी चहा टाकलाच नाही. भावजी तसेच गेले.

मग माघातली एक संध्याकाळ. पाढा नेहमीसारखा झाला. बोलपट आले, कंपन्या बसल्या. हे माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "अगं." आणि थांबले. पुढचं आलंच नाही. मी हातातली उसवलेली बाही तशीच धरून वाट बघत राहिले. चहाचं नाव नाही. हे माझ्याकडं बघतायत, डोळे भरलेले, आणि ओठ पुढचं काहीतरी शोधतायत, चहा सोडून दुसरंच काहीतरी. भावजी खाली मान घालून बसले होते.

"काय वो?" मी हळूच म्हटलं.

"व्हय," हे म्हणाले.

तेवढंच. पण ते अगं माझं होतं. कुणी काहीही सांगू दे, मी ऐकणार नाही.

पुढं उतरतीच लागली. मेंदूत बारीक बारीक झटके येतायत असं डॉक्टर म्हणाले. पाढा मागून तुटायला लागला. एक दिवस बोलपट आलेच नाहीत, हे त्याच्या आधीच्या सालावर थांबले आणि झोपले. मग आणखी एक साल गेलं. मग आणखी एक. मेंढरांच्या कळपातलं रोज एक मेंढरू कमी व्हावं, आणि आपण वाड्याच्या दारात उभं राहून नुसतं बघावं, तसं झालं. पोरगी धावत आली, मोबाईल धरून ह्यांचं जेवढं येतंय तेवढं भरून घ्यायला लागली. मला म्हणाली, "आई, संक्रांतीला आलते तवा घेतलेलं पण हाय माझ्याकडं, त्यात शेवटचं 'अगं' पण हाय. लावू का?"

"खबरदार लावलंस तर," मी म्हटलं. "डबड्यातलं अगं मला नको. लावलंस तर मोबाईल पंचगंगेत टाकीन." ती रडली. मग मी पण रडले. पण ऐकलं नाही ते नाहीच.

उन्हाळ्यात भावजींचे गुडघे धरले आणि त्यांना त्यांच्या पोरानं नेलं. जाताना त्यांनी माझ्या टिकल्यांच्या पाकिटातली एक लाल टिकली घेऊन पेटीच्या एका पट्टीवर चिकटवली. "वहिनी, भाता हलवायचा आणि ही दाबून धरायची. नुसता सा मिळाला तरी त्याला बास हाय." तेव्हापासून पेटी माझ्याकडं आली. एका हातानं भाता, एका बोटानं टिकली. हे पडल्या पडल्या म्हणायचे, जेवढं येईल तेवढं. कधी कोंबड्यापर्यंत, कधी त्याच्याही अलीकडं. मी पुढं ढकलायला जायचे नाही. थांबले की चादर सारखी करायची, दिवा बारीक करायचा.

परवाची गोष्ट. दिवेलागणीला मी ह्यांच्या पाठीशी दोन उशा लावल्या आणि टिकली दाबली. आवाज अगदी बारीक, पण लागला. एकेक साल येत गेलं. मुकं गेलं. कोंबडं गेलं. बऱ्याच दिवसांनी इतकं पुढं आले म्हणून मला बरं वाटलं. मग हे एकुलत्याचं साल बोलले. "कोल्हापूर," बोलले. डोळे मिटले आणि नांदी उचलली. पहिली ओळ पुरी झाली, दुसरी अर्धी झाली, आणि तिथं थांबले.

मी सूर धरून ठेवला. बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती, त्याची घरघर येत राहिली. ह्यांनी डोळे उघडले होते, पण ते छताकडं. तोंड उघडं, पुढचा शब्द नाही. "अहो," म्हटलं, "पुढं?" व्हय सुद्धा आलं नाही. मी वाट बघून बघून दमले, भाता हलवणारा माझा हात भरून आला. ह्या नांदीचं पुढचं जगात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. उस्ताद गेला, सासरे गेले, भावजींना नुसती चाल येते, पोरीजवळ आहे ते डबड्यातलं, आणि हे असे. आणि नांदी अर्धी पडलेली.

मी गायले.

माझा गळा म्हशींना हाका मारून घडलेला, आणि ह्या घरात मी कधी देवाची आरतीसुद्धा मोठ्यानं म्हटलेली नाही. पण दुसरी ओळ आली. तिसरी आली. सगळं कडवं आलं, एक अक्षर चुकलं नाही. माझं मलाच आश्चर्य वाटलं. ब्लाऊजच्या बाह्या जोडता जोडता, भांडी आपटता आपटता हे कधी आत जाऊन बसलं होतं? कडवं संपलं आणि तोंडातून आपोआप पुढचं साल निघालं. पुढचं गाव निघालं. मी थांबलेच नाही. नाटकांची जी नावं मला कधी पाठ झाली नव्हती ती माझ्या तोंडून निघत होती, कंपन्या निघत होत्या, ह्यांच्याकडून एकेक करून गळालेली सगळी सालं मी ओळीनं म्हटली. हे छताकडं बघत होते. ओठ हलले नाहीत. डावा हात चादरीवर होता, तो मी मधेच एकदा हातात घेतला तर गरम होता, पण त्यानं माझा हात धरला नाही.

"मग बोलपट आले आणि कंपन्या बसल्या," मी म्हटलं आणि भाता मिटला.

आणि गप्प बसले. पुढचे शब्द माझे नव्हते. ते म्हणायचं माणूस समोर होतं, त्याची जागा मी सोडली आणि वाट बघितली. रिक्षा एकदाची सुरू होऊन निघून गेली. खोलीत अंधार झाला. ह्यांचा श्वास चालू होता, तेवढाच आवाज.

"टाकते," मी म्हणाले, आणि उठले.